जुन्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतोय का? मीटर लावून खात्री कशी करायची

जुन्या डिझेल ट्रॅक्टरला एकदा सेल्फ लागला की बॅटरीची गरज जवळजवळ संपते. डिझेल पंप यांत्रिक, इंजेक्टर दाबाने उघडणारे, स्पार्क प्लगचा प्रश्नच नाही. त्यामुळे अल्टरनेटर पार मेला तरी ट्रॅक्टर दिवसभर नांगरट करतो, ट्रॉली ओढतो, कुठे अडत नाही. बिघाड कळतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, चावी फिरवल्यावर नुसतं 'कट्' झालं की. मग बॅटरीच्या नावाने बोटं मोडली जातात, नवी बॅटरी येते, ती आठ-पंधरा दिवस चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

याच्या उलटही सर्रास होतं. अल्टरनेटर खोलून दुरुस्तीला दिला जातो, कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) बदलून येतो, बसवला जातो, आणि चार्जिंग होत नाही ते नाहीच, कारण दोष होता अल्टरनेटर फिरवणाऱ्या ढिल्या पट्ट्यात किंवा रंगाच्या थराखाली दबलेल्या अर्थिंगमध्ये. माझं मत सरळ आहे: अल्टरनेटर खोलायची पाळी सगळ्यात शेवटी यावी. मीटर बॅटरीवर लावून सुरुवात करायची आणि तिथून एकेक जोड तपासत अल्टरनेटरकडे सरकायचं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी इलेक्ट्रिशियन असण्याची गरज नाही.

आधी बघा, आहे काय: अल्टरनेटर की डायनॅमो?

बोलताना दोन्हीला सरसकट 'डायनॅमो' म्हटलं जातं, पण तपासणीची रीत वेगळी आहे. डायनॅमो लांबट नळकांड्यासारखा असतो, अंगावर फटी कमी, आणि मागे दोन टर्मिनल: एक मोठं, 'डी', एक लहान, 'एफ'. तिथून दोन वायरी एका वेगळ्या डब्यात जातात, तो कट-आऊट किंवा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगवर ताबा ठेवणारा डबा. अल्टरनेटर बुटका आणि जाड, पुलीच्या मागे पंखा, अंगाला हवेसाठी फटी, आणि बहुतेकांत रेग्युलेटर आतच बसवलेला. मागे एक जाड वायर (बी प्लस) आणि एक बारीक वायर (डी प्लस, एल किंवा इंड असं लिहिलेलं). कधी कधी डब्ल्यू नावाचं आणखी एक टर्मिनल असतं, ते आरपीएम मीटरसाठी. चार्जिंगशी त्याचा संबंध नाही. लुकास कंपनीचे १० एसी, ११ एसी असे सुरुवातीचे अल्टरनेटर मात्र बाहेरच्या रेग्युलेटरवर चालायचे, तेव्हा वेगळा डबा दिसला म्हणून लगेच डायनॅमो समजू नका. अंगाचा आकार बघा.

दुसरी गोष्ट, बॅटरीचं कोणतं टोक चासीला जोडलंय ते पाहा. आज सगळीकडे निगेटिव्ह अर्थ असतं, पण जुन्या काळी पॉझिटिव्ह अर्थचे ट्रॅक्टर भरपूर होते. फोर्डचा ८एन, १९४७ ते १९५२ मधला, कारखान्यातून ६ व्होल्टचा आणि पॉझिटिव्ह अर्थचाच निघायचा. पुढे अशा ट्रॅक्टरना १२ व्होल्टची बॅटरी आणि अल्टरनेटर बसवण्याचं काम ठिकठिकाणी झालं, आणि ते करताना प्रत्येकाने आपापल्या अकलेने वायरिंग केलं. म्हणून पुस्तकातल्या आकृतीपेक्षा समोरच्या वायरीवर विश्वास ठेवा. बॅटरीवर तीन झाकणं असतील तर ६ व्होल्ट, सहा असतील तर १२. खालचे व्होल्टेजचे सगळे आकडे १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ धरून आहेत. ६ व्होल्टला ते निम्मे करा.

सामान आणि एक सक्त मनाई

एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. स्विच डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर, काळी वायर कॉमनमध्ये, लाल वायर व्होल्टच्या भोकात. आधी कुणी करंट मोजला असेल तर लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहून गेलेली असते. तशीच बॅटरीवर टेकवली तर सरळ शॉर्ट होतो आणि मीटरचा फ्यूज, नाहीतर मीटरच जातो. टेकवण्याआधी एकदा नजर टाका. याशिवाय तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पाने आणि बॅटरीची झाकणं उघडणारी असतील तर हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ऍसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणारी नळी).

आता मनाई. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि 'ट्रॅक्टरचे दिवे चालू राहिले म्हणजे चार्जिंग आहे' असं म्हणायचं, ही रीत अजूनही जागोजागी चालते. डायनॅमोच्या जमान्यात ती खपून जायची. अल्टरनेटरवर ती करू नका. अल्टरनेटरने तयार केलेला करंट बॅटरी झेलत असते. ती अचानक बाजूला झाली की व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळतं आणि आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) किंवा रेग्युलेटर जळतात. म्हणजे चांगला अल्टरनेटर तपासता तपासता मारला जातो. शिवाय डिझेल ट्रॅक्टर बॅटरीशिवायही चालूच राहणार, तेव्हा 'इंजिन बंद पडलं नाही' यावरून काहीच सिद्ध होत नाही.

बाकीची काळजी नेहमीचीच: अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा, सैल बाही पट्ट्यापासून लांब ठेवा, ट्रॅक्टर न्यूट्रलला आणि हँडब्रेक लावलेला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ विडी-काडी नको. टर्मिनल काढताना अर्थचं आधी, लावताना अर्थचं शेवटी.

पहिलं रीडिंग: इंजिन बंद, बॅटरी निवांत

ट्रॅक्टर रात्रभर उभा असेल तर सकाळी पहिलं काम हे करा. आत्ताच चालवून आणला असेल तर पाच मिनिटं हेडलाइट लावा, मग बंद करून थोडा वेळ जाऊ द्या. नाहीतर वरवरचं चार्ज राहतं आणि मीटर उगाच जास्त दाखवतो. लाल टोक पॉझिटिव्ह खांबावर, काळं निगेटिव्ह खांबावर. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच. वरच्या क्लॅम्पवर नको. याचं कारण पुढे येईल.

१२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० च्या आसपास म्हणजे पाव, आणि ११.८ म्हणजे उतरली. १०.५ च्या घरात येऊन थांबत असेल तर बहुधा एक सेल मेलाय, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा आणि एक कमी झाला की आकडा बरोबर तेवढाच खाली येतो.

हायड्रोमीटर असेल तर सहाही सेल तपासा. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी १.२६५ ते १.२८० दरम्यान असते, निम्म्याची १.१९० च्या जवळ. सगळे सेल सारखेच कमी असतील तर बॅटरी नुसती उपाशी आहे. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर बॅटरी बदलायला झाली. असल्या बॅटरीवर अल्टरनेटरची परीक्षा घेऊ नका.

हे मी जोर देऊन सांगतोय, कारण पार उतरलेली बॅटरी चालू अल्टरनेटरलाही खाली ओढते. ११.५ वरच्या बॅटरीला धक्का मारून ट्रॅक्टर सुरू केला आणि मीटरने १२.९ दाखवलं, तर त्यावरून अल्टरनेटर खराब ठरत नाही. तो आपली सगळी ताकद लावतोय आणि बॅटरी ते सगळं पितेय. बॅटरी आधी चार्जरवर लावून भरा, पुढचं सगळं त्यानंतर.

डॅशबोर्डचा लाल दिवा काय सांगतो

मीटर बाजूला ठेवून चावी फिरवा, सेल्फ मारू नका. बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे. इंजिन सुरू करून थोडं रेस केल्यावर तो विझला पाहिजे. जुन्या ट्रॅक्टरवर या दिव्याकडे कुणी बघत नाही. अर्ध्या ट्रॅक्टरवर तो जळालेला असतो आणि उरलेल्यांवर भोकात नुसती धूळ. पण अल्टरनेटरमध्ये हा दिवा केवळ खूण नाही. अल्टरनेटरच्या आतल्या रोटरला चुंबक बनायला सुरुवातीचा थोडा करंट लागतो, आणि तो याच दिव्यातून येतो. २.२ वॅटचा छोटा बल्ब, म्हणजे जेमतेम ०.१८ अँपिअर. तो उडाला की काही अल्टरनेटर खूप रेस केल्यावर कसेबसे जागे होतात, काही अजिबात होत नाहीत. नुसत्या एका बल्बपायी अख्खा अल्टरनेटर बदलला जातो, तो असा. तिथे कुणी हौसेने एलईडी बसवला असेल तरी तोच घोळ, कारण एलईडीतून पुरेसा करंट जात नाही. फिलामेंटचा बल्बच लावा.

चावी फिरवल्यावर दिवा लागत नसेल तर एक सोपी चाचणी. अल्टरनेटरच्या मागची बारीक वायर काढा, चावी चालू ठेवा आणि त्या वायरीचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष अल्टरनेटरच्या आत, बहुतेक वेळा झिजलेले कार्बन. नाही लागला तर बल्ब, फ्यूज, चावीचा स्विच किंवा मधली वायर. मात्र बारीक वायरच टेकवायची. जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते, चावी बंद असली तरी तिच्यात करंट असतो. ती टेकली तर वेल्डिंगच होईल.

इंजिन चालू असताना दिवा लागलेलाच राहिला तर चार्जिंग नाही किंवा पट्टा घसरतोय. मंद, लालसर मिणमिणत राहिला तर एखादा डायोड गेलाय किंवा वायरीच्या जोडात व्होल्टेज खाल्लं जातंय. आणि चावी बंद करूनही दिवा चालू असेल तर शॉर्ट झालेल्या डायोडमधून बॅटरी उतरतेय. तो अल्टरनेटर दुरुस्त होईपर्यंत रात्री अर्थचं टर्मिनल काढून ठेवा.

दिव्याऐवजी अँपिअर मीटर असेल तर काटा बघा. सुरू झाल्यावर तो प्लसकडे जातो आणि बॅटरी भरत आली की हळूहळू मधल्या शून्याकडे सरकतो. पंधरा-वीस मिनिटांनी काटा शून्याजवळ दिसला म्हणून घाबरू नका. हेडलाइट लावल्यावर तो मायनसकडे जाऊन तिथेच राहिला तर काळजीचं कारण.

एकाच वायरीवर चालणारे, दिवा नसलेले अल्टरनेटरही असतात, विशेषतः नंतर बदलून बसवलेल्या ट्रॅक्टरवर. ते एकदा जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंगला लागतच नाहीत. हा दोष नाही, त्यांची घडणच तशी आहे.

पट्टा

पुलींमधल्या सगळ्यात लांब भागावर मध्यभागी अंगठ्याने दाबा. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून जास्त दबत असेल तर ढिला. अजिबात दबत नसेल तर बेअरिंगची वाट लागेल. पण ताण बरोबर असूनही पट्टा घसरू शकतो. पट्टा पुलीत बाजूंनी पकड घेतो, तळाने नाही. त्याच्या कडा काचेसारख्या चमकत असतील किंवा पट्टा झिजून पुलीच्या तळाला टेकत असेल तर तो ताणून उपयोग नाही, बदला. हेडलाइट लावल्याबरोबर किंचाळल्यासारखा आवाज येणं ही घसरण्याची खात्रीची खूण. अल्टरनेटरचा लोड वाढला की त्याची पुली फिरवणं जड होतं, आणि तेव्हाच कमजोर पट्टा हात टेकतो.

इंजिन बंद असताना अल्टरनेटरचा पंखा हाताने फिरवून बघा. पट्टा न हलता पंखा फिरला तर आणखी काही तपासायची गरजच नाही.

सेल्फ मारताना आणि चालू झाल्यावर

मीटर पुन्हा बॅटरीच्या खांबांवर. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने आकडा बघायचा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. खाली गेलं तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फच जास्त करंट ओढतोय.

इंजिन सुरू झालं की आधी स्लो स्पीडवर आकडा बघा. तो १३ च्या वर असला तर छान, पण इथे निकाल देऊ नका. जुन्या इंजिनाचा स्लो ६००-७०० आरपीएमचा असतो आणि काही अल्टरनेटर तिथे पुरेसे फिरतच नाहीत. हँड थ्रॉटलने १२०० ते १५०० वर न्या, दिवे-बिवे सगळं बंद, आणि मिनिटभर थांबा.

१३.८ ते १४.४ म्हणजे चार्जिंग व्यवस्थित. १४.६-१४.७ पर्यंतही चालतं, विशेषतः थंडीत. सुरू केल्यावर आधी १३.५ दाखवून हळूहळू वर चढत असेल तर तेही ठीक. बॅटरी सेल्फला दिलेला करंट परत घेतेय. इंजिन बंद असताना जो आकडा होता तोच अजून असेल, किंवा मिनिटागणिक खाली घसरत असेल, तर चार्जिंग शून्य. १३ आणि १३.४ च्या मध्ये अडकला असेल तर वाटेत कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय. लोडनंतरची पायरी मुख्यतः अशांसाठीच.

आता लोड टाका. हेडलाइट आणि मागचा कामाचा दिवा, सगळे एकदम. दोन हेडलाइट आणि एक मागचा मिळून दहा-बारा अँपिअर होतात. लुकासचा १५ एसीआर २८ अँपिअरचा, १७ एसीआर ३६ अँपिअरचा. यांना एवढा लोड म्हणजे काहीच नाही. त्याच रेसवर व्होल्टेज १३.५ च्या खाली जायला नको. लोड नसताना १४.२ आणि दिवे लावल्याबरोबर १२.७, असं दिसलं तर पट्टा घसरतोय, एखादा डायोड गेल्याने अल्टरनेटर अर्ध्या ताकदीवर आहे, किंवा जोड खराब आहे. हा प्रकार फसवा असतो, कारण दिवसा काम करणाऱ्या ट्रॅक्टरवर सगळं नीट वाटतं आणि रात्री नांगरट केली की सकाळी बॅटरी बसते.

मधल्या मध्ये व्होल्टेज कोण खातंय?

बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि बहुतेक जुन्या ट्रॅक्टरचा दोष इथेच सापडतो. इंजिन १५०० वर, दिवे चालू. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर. म्हणजे एकाच वायरीच्या दोन टोकांना. वायर आणि जोड चांगले असतील तर ०.२ ते ०.३ च्या आत आकडा येतो. तेवढंच अर्थच्या बाजूला करा: एक टोक अल्टरनेटरच्या अंगाला, एक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. इथे ०.१ ते ०.२ च्या वर नको.

समजा बी प्लसवर १४.२ आहे आणि बॅटरीवर १३.१. १.१ व्होल्ट मध्ये हरवले. वीस अँपिअर जात असतील तर त्या जोडात २२ वॅटची उष्णता तयार होतेय, म्हणजे चाचपडलं तर तो जोड हाताला गरम लागेल. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर तसंच ठेवा आणि दुसरं एकेक जोडावर मागे-मागे सरकवा: क्लॅम्प, सेल्फच्या सोलेनॉइडचा (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचचा) बोल्ट, अँपिअर मीटरच्या मागचे दोन नट, अल्टरनेटरचा लग (वायरीच्या टोकाची बोल्टात बसणारी कडी). ज्या जोडाच्या अलीकडे ०.१ आणि पलीकडे १.० दिसेल तो चोर. खांब आणि क्लॅम्प यांच्यातच अर्धा व्होल्ट पडलेला पुष्कळदा सापडतो. म्हणून मघाशी मीटर खांबावर लावायला सांगितलं.

हीच वायर इंजिन बंद करून ओहमच्या रेंजवर तपासलीत तर मीटर ०.० दाखवेल आणि तुम्ही तिला निर्दोष सोडाल. वरच्या उदाहरणातला रेझिस्टन्स अवघा ०.०५५ ओहम आहे. साध्या मीटरला तो दिसतच नाही. करंट वाहत असतानाच असा दोष उघडा पडतो.

जोड सापडला की तो वरून घासून भागत नाही. नट काढा, लग बाहेर घ्या. लगच्या तोंडाशी वायरीचं रबर थोडं मागे सरकवलं की पुष्कळदा आत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या आणि हिरवी भुकटी साचलेली दिसते. बाहेरून लग मात्र चकचकीत असतो. तेवढा तुकडा कापून चमकदार तांबं लागेपर्यंत मागे जा आणि नवा लग नीट दाबून बसवा. अर्थच्या बाजूला वेगळाच शत्रू असतो, रंग. ट्रॅक्टर नव्याने रंगवला आणि त्यानंतर चार्जिंग गेलं, असं ऐकलं की आधी अल्टरनेटरचा ब्रॅकेट आणि चासीवरचा अर्थचा बोल्ट बघावा. दोन्हीखालचा रंग खरवडून धातू उघडा करा. एवढं करूनही आकडा कमी झाला नाही तर अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड वायर सरळ टाका. जुन्या ट्रॅक्टरवर हा उपाय मला तरी सगळ्यात भरवशाचा वाटतो.

आता अल्टरनेटर

इथपर्यंत आलात, पट्टा चांगला, जोड चांगले, दिव्याची वायर चांगली, आणि तरी बी प्लसवरच व्होल्टेज वाढत नसेल, तरच अल्टरनेटरवर बोट ठेवा.

इंजिन बंद, चावी चालू. एक लोखंडी पेचकस अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगच्या टोपणाजवळ न्या. रोटरमध्ये करंट जात असेल तर पेचकस हलकासा ओढला जातो. चावी बंद केल्यावर ओढ गेली पाहिजे. फरक जाणवला तर कार्बन, स्लिपरिंग (ज्या रिंगांवर कार्बन टेकतात त्या) आणि रोटरचं वेटोळं यांतून करंट जातोय. ओढ अजिबात नसेल तर कार्बन झिजलेत किंवा अडकलेत. धुळीत राबणाऱ्या ट्रॅक्टरवर कार्बन त्यांच्या खोबणीत अडकणं नेहमीचं. भुसा आणि तेल मिळून तिथे लुकणच तयार होतं. बॅटरीचं अर्थ काढून मागचं झाकण उघडा. लुकासच्या एसीआर जातीच्या अल्टरनेटरमध्ये कार्बन खोबणीतून ५ मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर दिसत असतील तर बदला. स्लिपरिंग काळ्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, खरखरीत कागद वापरू नका. दोन्ही रिंगांमध्ये ओहम मोजला तर साधारण ३ ते ६ ओहम यावा, आणि रिंग व शाफ्ट यांच्यात काहीच यायला नको.

ओढ आहे पण व्होल्टेज नाही, तर डायोड किंवा स्टेटर (रोटरभोवतीची स्थिर वेटोळी). याची एक झलक बाहेरूनच मिळते. मीटर एसी व्होल्टवर करा, इंजिन १५०० वर, दिवे चालू, आणि बॅटरीवर मोजा. चांगल्या अल्टरनेटरमध्ये एसीचा अंश अगदी थोडा असतो, ०.५ व्होल्टच्या वर गेला तर डायोड गेल्याचा दाट संशय. पण काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही फसतात आणि २८-३० असा भलताच आकडा दाखवतात. इंजिन बंद असताना एकदा मोजून बघा. तेव्हाही तसंच दाखवलं तर त्या मीटरवर ही चाचणी करू नका.

व्होल्टेज १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. हा बिघाड कमी चार्जिंगपेक्षा वाईट. बॅटरीचं पाणी उकळून उडतं, झाकणांभोवती ओल आणि पांढरी भुकटी दिसते, बल्ब वरचेवर उडतात. दर आठवड्याला डिस्टिल्ड वॉटर टाकावं लागत असेल तर कारण हेच असण्याची शक्यता जास्त. मात्र बाहेरच्या रेग्युलेटरवाल्या ट्रॅक्टरमध्ये आधी रेग्युलेटरच्या डब्याचं अर्थिंग बघा. काही रेग्युलेटरमध्ये ते सुटलं तरी व्होल्टेज असंच वर जातं.

चार्जिंग ठीक, तरी बॅटरी उतरते

मग रात्री कोणीतरी ओढतंय. इंजिन आणि चावी बंद. बॅटरीचं अर्थ काढा, मीटर १० अँपिअरवर ठेवून खांब आणि काढलेली वायर यांच्या मध्ये जोडा. मीटर मध्ये असताना सेल्फला हात लावू नका. जुन्या ट्रॅक्टरवर इलेक्ट्रॉनिक काही नसतं, त्यामुळे आकडा शून्य किंवा नाममात्र यायला हवा. काही मोठं दिसलं तर अल्टरनेटरची जाड वायर काढून बघा (काढताना बॅटरी सुटी असू द्या, काढलेलं टोक टेपने गुंडाळा, मग मीटर परत लावा). आकडा शून्यावर आला तर डायोडमधून गळती आहे. नाही आला तर उंदराने कुरतडलेली वायर, ब्रेक लाइटचा अडकलेला स्विच, असलं काहीतरी शोधा.

डायनॅमो असेल तर

स्लो स्पीडवर डायनॅमो चार्ज करत नाही, तो दोष समजू नका. रेस केल्यावरही काही नसेल तर डी आणि एफ दोन्ही वायरी खुणा करून काढा, दोन्ही टर्मिनल उघड्या तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा, आणि तो जोड व डायनॅमोचं अंग यांच्यात मीटर लावा. इंजिन स्लोवर सुरू करून अगदी हळूहळू वाढवा. आकडा न अडखळता चढत गेला पाहिजे. २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका आणि १००० आरपीएमच्या पुढे जाऊ नका. चढला तर डायनॅमो चांगला, दोष कट-आऊटच्या डब्यात किंवा वायरीत. काहीच नाही आलं तर कार्बन बघा. अर्धा-एक व्होल्टवर अडकला तर फील्डची वेटोळी, चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग). ही चाचणी अल्टरनेटरवर करायची नाही.

डायनॅमो बराच काळ पडून असेल किंवा दुरुस्तीहून आला असेल तर त्याचं चुंबकत्व गेलेलं असू शकतं. एफची वायर काढलेली असताना, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून एक वायर एफ टर्मिनलला क्षणभर टेकवा. छोटी ठिणगी पडेल, तेवढं पुरे.

दुरुस्ती झाल्यावर

उतरलेली बॅटरी अल्टरनेटरच्या भरवशावर सोडू नका. कित्येक तास पूर्ण ताकदीने चालणं या जुन्या अल्टरनेटरांना झेपत नाही, आणि नुकताच दुरुस्त केलेला अल्टरनेटर तापवून डायोड उडवण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे. बॅटरी चार्जरवर रात्रभर ठेवा. ट्रॅक्टरवरच चार्ज करायची असेल तर अर्थचं टर्मिनल काढून. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचं असेल तेव्हाही बॅटरीचं अर्थ आणि अल्टरनेटरची जाड वायर दोन्ही सुटी करा.

बॅटरी भरली की चार आकडे पुन्हा घ्या: उभ्या ट्रॅक्टरचा, सेल्फ मारतानाचा, १५०० वर लोड नसतानाचा आणि सगळे दिवे लावल्यावरचा. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत ऑइल पेंटने किंवा मार्करने तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वेळी सेल्फ जड वाटला की ताजी रीडिंग त्या आकड्यांशी ताडून बघा. उभ्याचा आकडा पडलाय आणि बाकीचे तसेच आहेत तर बॅटरी किंवा गळती, दिव्यांसकटचा पडलाय तर पट्टा आणि जोड.